लोकरीचे बोळे

बोळा तळहातावर ठेवला की लिंबाएवढा दिसायचा आणि मूठ मिटली की नाहीसा व्हायचा – तांबूस लोकरीचा, तेलकट, पितळेच्या घंटेत राहून राहून एका अंगानं हिरवट पडलेला. आश्रुबानं तो नाकाशी नेला. गुळी मेंढीचा वास अजून होता... का आपल्यालाच तसं वाटतंय? असे सहा बोळे गाडग्यात होते, दोन बैलांच्या गळ्यांतल्या सहा घंटांचे, आणि दिवस उगवायच्या वक्ताला ओट्यावर उकिडवं बसून आपण ते एकेक काढून का चाचपतोय हे त्याचं त्यालाच उमजत नव्हतं. कारण बैल गोठ्यात निवांत रवंथ करत होते, छकडा भिंतीला टेकवून ठेवलेला होता आणि छकड्याच्या जागी, दारात, मोटार उभी होती.

मोटारीवर घोंगडं होतं. काल संध्याकाळी त्यानंच घातलं होतं, पुढच्या नाकाडावर, जिथं तिचं यंत्र होतं तिथं, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही टोकांना धोंडे बांधले होते. सेलूच्या इमाम मिस्त्रीनं बजावून सांगितलं होतं – रातकू ठंडी लगी तो फजरकू रूसती ये. मनकर्णा दारात उभी राहून बघत होती. तिनं एवढंच विचारलं, "सूनबाई निजल्या का?" आणि आत गेली, आणि मग बराच वेळ आतून तिचं हसणं येत राहिलं, चुलीत ओलं लाकूड फुसफुसावं तसं. तिच्या हसण्यावरून हो का नाही ते कळत नसे. पस्तीस वर्षांत कळलं नव्हतं.

उद्या सेलूचा बाजार. उद्या मिस्त्रीला सांगायचं होतं – घेतो, नाही तर नाही. एक दिवस दारात ठेवून बघ, असं म्हणून त्यानं गाडी दिली होती, बैल विकणारा माणूस एक दिवस जुंपून बघायला देतो तशी. गाडी जुनी, सेलूच्या एका वकीलसाहेबांची. साहेब हैदराबादेला गेले, तिथं नवी घेतली, आणि ही जिनिंगच्या मागच्या छपरात सरकीच्या ढिगाशेजारी पडून राहिली. टप फाटलेला, पुढचा एक दिवा फुटलेला. पावसाळ्यात काळ्या रानात ती मांडीपर्यंत रुतणार, उन्हाळ्यात कोसाकोसाला पाणी मागणार आणि तरी उकळणार. म्हणून तर स्वस्त. "सर्दी की गाडी है ये, आश्रुबाजी," मिस्त्री म्हणाला होता. "चार महिने रानी, आठ महिने सौतन." त्याला पैसे नको होते. त्याच्या भावाला मेंढरं पाळायची होती. अर्धं खांड दे आणि मोटार ने.

अर्धं खांड... दोघी लेकी आपापल्या घरी, घरात माणसं दोन. अर्धी मेंढरं गेली म्हणून कुणी उपाशी मरणार नव्हतं. पण धनगराच्या दारातून अर्धं खांड निघालं की गावाला आधी वाटतं, ह्याच्या घरात कुणीतरी गेलं. आणि चार महिन्यांची गाडी घेऊन करणार काय, असं लोक विचारतील. विचारू देत. त्याला तरी कुठं बारा महिने पाहिजे होती? त्याला हिवाळाच पाहिजे होता.

सात बाजार झाले, तो दर बाजाराला जिनिंगच्या मैदानात मोटार हाकायला शिकत होता. पहिल्या दिवशी थांबवायच्या वेळी त्यानं "हो, हो" म्हणत चाक छातीकडे ओढलं होतं, कासरा ओढावा तसं, आणि मिस्त्री हसून हसून सरकीच्या ढिगावर बसला होता. लगाम नको खिंचो, पावसे बोलो उसकू. आता पायानं बोलणं जमत होतं. साठीला आलेला माणूस... लिहायला-वाचायला जमलं नाही, हे जमलं. का जमलं? कारण त्या मैदानात फिरताना प्रत्येक वेळी मागच्या बाकावर मनकर्णा बसलेली त्याला दिसत होती, पदरात हात गुंडाळून.

मनकर्णाचे हात. तो विचार आला की बाकीचे विचार बाजूला सरकत, माय आल्यावर कोकरं सरकतात तसे. मनकर्णा सुईण होती. वालूरची आणि भोवतालच्या वाड्यांवरची दोन पिढ्यांची लेकरं तिच्या हातांवर उतरली होती. त्यांतली काही आता नांगर धरत होती, काहींनी आपल्या बायकोसाठी तिला बोलवायला यायला सुरुवात केली होती. पण ती शिकली माणसांवर नाही, मेंढरांवर. लग्न होऊन आली तेव्हा खांड पूर्णेच्या काठाला बसलं होतं, पौषातली थंडी, एक मेंढी अडलेली, आणि सगळ्या बाप्यांचे हात जाडजूड. ही पुढं आली, बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या, आधी मेंढीच्याच लोकरीत दोन्ही हात खुपसून बसली – बसलीच, सासरा ओरडायला लागला तरी हलेना – आणि मग म्हणाली, "थंड हात लागला की आतलं लेकरू अंग चोरतं." तिला हे कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. ती सोळा वर्षांची होती. कोकरू आडवं होतं, ते तिनं वळवून घेतलं. आश्रुबा तेव्हा शेकोटीच्या पलीकडे उभा होता, आणि आजही त्याला वाटायचं की आपलं लग्न खरं तर त्या दिवशी लागलं.

म्हणून हिवाळ्यात गुळी छकड्यात असायची. गुळाच्या रंगाची लंगडी मेंढी, चालायला निकामी, पण लोकर अशी दाट की बोट शिरलं की दिसेनासं व्हावं. तिला तो थंडीत कधी कातरत नसे. पहाटे कुठल्या वाडीवरनं बोलावणं आलं की गुळी छकड्यात बसे, मनकर्णा तिच्या पोटाखाली हात घालून बसे आणि दोन दोन कोस जाऊन उतरली तरी हात भाकरीसारखे ऊन. बघणाऱ्याला वाटे, धनगर मेंढी विकायला निघालाय, बायको संगं हाय. तेही बरंच होतं. कारण बाईला कळा सुरू झाल्यात ही गोष्ट जितक्या कानांवर जाईल तितक्या कळा तिला जास्त द्याव्या लागतात. हे कुणाला सांगावं लागत नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं. बोलवायला येणारा माणूससुद्धा तोंडानं बोलत नसे. तांब्या घेऊन यायचा आणि विरजण मागायचा. दोन कोसांवरनं, थंडीत, विरजण. मनकर्णा खरंच तांब्यात विरजण घालायची, आणि आश्रुबा बैलांच्या घंटांत बोळे बसवायचा, गुळीच्याच लोकरीचे, आणि छकडा असा जायचा की आपल्या मागं आपली सावलीसुद्धा जागी होऊ नये.

गुळी दोन वर्षांपूर्वी म्हातारपणानं गेली. दुसरी मेंढी बसवून बघितली, तिनं ओढ्यात उडी टाकली. विस्तवाचं खापर घेऊन बघितलं, गचका बसला आणि छकड्यातला कडबा पेटला. आणि मागल्या पौषात, एका वाडीवर... ते मनकर्णानं परतीच्या वाटेवर सांगितलं होतं, त्याच्या पाठीशी बसून, तोंड मागं करून. नाळ लेकराच्या गळ्याभोवती होती आणि तिच्या बोटांना ती कळलीच नाही. बोटं लाकडाची झाली होती. तिनं हात काढून काखेत दाबले, परत घातले, तेव्हा कळली. लेकरू निळं आलं. उशिरा रडलं. आता रांगतंय, चांगलं आहे. पण ती दोन श्वासांची मधली वेळ मनकर्णाच्या आत कुठंतरी तशीच अडकून राहिली होती, आणि हे जगात दोघांनाच माहीत होतं.

दिवाळीच्या पाडव्याला ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "उन्हाळ्याची लेकरं माझी, पावसाळ्याची माझी. थंडीत मी जायची न्हाई. हिवाळ्याचं देवानं बघावं." त्यानंतर दोन जण तांब्या घेऊन येऊन गेले. तिनं दोघांना नुसतंच विरजण दिलं. देवानं बघितलं, दोन्ही बायका सुटल्या. पण त्या दोन्ही दिवशी मनकर्णा जेवली नाही. हात मांडीवर उलटे ठेवून बसून राहिली, कुणाच्या तरी वस्तू सांभाळायला दिल्यासारखे. ते हात आणि ते बसणं – आश्रुबाला ते बघवलं नाही, आणि त्या हप्त्याच्या बाजारात त्यानं मिस्त्रीच्या मोटारीच्या नाकाडावर सहज हात टेकवला. मोटार नुकतीच चालून आली होती. पत्रा ऊन होता. थेट गुळीच्या पोटासारखा... बस्, तेवढंच. बाकी सगळं त्यानंतरचं.

"विरजण हाय का माय?"

आश्रुबानं मान वर केली. ओट्याखाली ओढ्यापलीकडच्या वाडीचा मुंजाजी उभा होता, पटका कानांवरून बांधलेला, हातात रिकामा तांब्या. त्याची थोरली लेक पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली, हे सगळ्यांना माहीत होतं आणि आत्ता कुणालाही माहीत असायला नको होतं. ती लेकसुद्धा मनकर्णाच्याच हातांवर आलेली. मनकर्णा बाहेर आली, तांब्या घेतला, आत जाऊन विरजण घालून आणला, त्याच्या हातात दिला. मुंजाजी गेला नाही. तांब्या दोन्ही हातांत धरून तसाच उभा राहिला आणि मोटारीकडं बघत राहिला, कारण मनकर्णाकडं बघायचा धीर त्याला होत नव्हता.

आश्रुबाला वाटलं, आत्ता बोललो नाही तर उद्या मिस्त्रीला सांगायला काही उरणारच नाही.

"मोटारीनं चल," तो म्हणाला. "पोचल्यावर नाकाडावर हात ठेव. घोंगड्याखाली. ऊन ऱ्हायतंय ते. मी बघितलंय."

मनकर्णानं त्याच्याकडं बघितलं. मोटारीकडं बघितलं. मग ओट्यावरून उतरली, घोंगड्याखाली हात घातला आणि म्हणाली, "ही तर मढ्यावानी गार हाय."

"चालल्यावर तापती."

"मान्सासारखंच हाय म्हणा की," ती म्हणाली आणि आत जाऊन आपलं गाठोडं घेऊन आली. अंगावरच्या लुगड्यावर त्याचा जुना कांबळा. आश्रुबानं घाईघाईनं चुलीवरचं पाणी आणून मोटारीच्या तोंडात ओतलं, हँडल मारायला वाकला, आणि जाता जाता गाडग्यातले सहाही बोळे बंडीच्या खिशात घातले. का, ते तेव्हाही कळलं नाही. पस्तीस वर्षांची सवय. हात आपोआप गेला.

तिसऱ्या हँडलला मोटार सुरू झाली, आणि तो हादरला. जिनिंगच्या मैदानात तिचा आवाज जिनिंगच्या आवाजात मिसळून जायचा, आणि काल गावात आणली तेव्हा पोरांच्या गलक्यात. इथं, गल्लीत, पहाटेच्या गारठ्यात, तो आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. कोंबड्या छपरावर गेल्या. शेजारची कासाबाई दात घासता घासता बाहेर आली, तिच्यामागं तिची सून, समोरचा पटवाऱ्याचा गडी, चावडीवरचे दोघं... आणि सगळ्यांनी आधी मोटार बघितली, मग मनकर्णा बघितली, मग तांब्या घेऊन मागं चढणारा मुंजाजी बघितला. कुणाला काही विचारायचं कारणच उरलं नाही.

किती कान झाले? कासाबाईचे दोन, सुनेचे दोन, गड्याचे... आश्रुबाला मोजायचं नव्हतं, पण मेंढरं मोजणाऱ्या माणसाचं मन नको म्हटलं तरी मोजतं. वेशीबाहेर पडेपर्यंत वीस जण झाले, म्हणजे चाळीस कान, म्हणजे मुंजाजीच्या लेकीला चाळीस कळा जास्तीच्या, आणि त्या मी दिल्या, माझ्या हौसेनं दिल्या – हौस नव्हे, पण लोक हौसच म्हणतील, आणि कळांना काय, हौशीच्या आणि बिनहौशीच्या सारख्याच. रानात कापूस वेचणाऱ्या बाया ओटीत हात तसेच ठेवून उभ्या राहिल्या. त्या दहा-बारा. तुरीच्या बांधावरचा म्हातारा हात डोळ्यांवर धरून बघत होता. तोही एक. मोटारीची चाकं बैलगाडीच्या चाकोरीत बसत नव्हती. एक चाकोरीत, एक वरंब्यावर, अशी ती कुशीवर कलून चालली होती आणि फाटक्या टपातून वारा असा येत होता की डोळ्यांतून पाणी निघावं. छकड्यात वारा कधी इतका लागला नव्हता. बैल वारा आपल्या अंगावर घेत, हे त्याला आज कळलं. त्यानं एकदा वळून बघितलं. मनकर्णाचे ओठ हलत होते. हात पदरात होते. मुंजाजीच्या तांब्यातलं विरजण त्याच्या धोतरावर सांडत होतं.

बैलांना जिथं पोचायला चांगलं ऊन वर यायचं तिथं मोटार कोवळ्या उन्हातच पोचली. ओढ्यापलीकडे वाडी दिसायला लागली, आणि ओढ्याच्या अलीकडच्या बाभळीपाशी, जिथं तो नेहमी छकडा थांबवून बोळे नीट बसलेत का बघायचा, तिथं त्याच्या पायानं आपोआप मोटार थांबवली. यंत्र चालूच होतं, धडधडत होतं. वाडी अजून निजल्यासारखी होती, चार घरांतून धूर. तिथले कान अजून कोरे होते. अजून वेळ होती.

तो खाली उतरला आणि खिशातून बोळे काढले.

एक त्यानं भोंग्याच्या तोंडात बसवला. भोंगा तर वाजतच नव्हता. वाजत होतं ते दुसरीकडंच. कान लावून लावून तो मोटारीभोवती फिरला, आणि मागं, खाली, त्याला ती नळी दिसली, भकाभका धूर टाकणारी – हीच जीभ. घंटेला जीभ असते तशी मोटारीची ही, आणि जीभ बांधली की घंटा गप्प होते. पहिला बोळा त्यानं बसवला तो गोफणीतल्या गोट्यासारखा उडून बाभळीला लागला. जळक्या लोकरीचा वास आला. मग त्यानं दोन बोळे एकत्र वळले, आणखी एक त्यांच्यावर, आणि मेंढरं हाकायच्या काठीनं, जीव लावून, आतपर्यंत ठासले. मोटार एकदा खोकली. दोनदा खोकली. अंगभर थरथरली, आणि गप्प झाली.

किती गप्प. ओढ्याचं पाणी ऐकू आलं.

"बंद पडली," मुंजाजी म्हणाला.

आश्रुबानं हँडल मारलं. पुन्हा मारलं. आत काही हललं नाही. अर्धं खांड डोळ्यांपुढं धुळीत चालत निघून गेलं... एका दिवसासाठी दिलेली वस्तू, आणि आपण तिला मारलं. आणि तेवढ्यात मनकर्णाचा आवाज आला, अगदी जवळून, रोजच्या आवाजात: "मघापास्नं मी सांगायलेय, तुमी हूं का चूं करना गेलाव."

"काय सांगायलीस?"

"गेलं आता. न्हाई आठवत."

ती खाली उतरली होती. घोंगडं त्यानं निघताना मागच्या बाकावर टाकलं होतं, ते तिनं मोटारीच्या नाकाडावर पसरलं, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत त्याखाली घातले. डोळे मिटले. तिचे खांदे हळूहळू खाली आले. हे तो ओळखत होता. गुळीच्या पोटाखाली हात गेले की तिचे खांदे असेच खाली यायचे. "हाय रे," ती म्हणाली, कुणाला ते कळलं नाही. मुंजाजी घाई करत होता, पाय बदलत होता. ती हलली नाही. सासरा ओरडला तेव्हा हलली नव्हती, तर मुंजाजी कोण. मग तिनं हात काढले, ताठ करून बघितले, बोटं एकेक हलवून बघितली, कांबळ्यात गुंडाळली आणि ओढ्यात उतरली. पायी. बिनआवाजी. वाडीतला कुत्रासुद्धा भुंकला नाही.

आश्रुबा मुंजाजीच्या अंगणाच्या कडेला, गोठ्याच्या आडोशाला बसला. बाप्यांनी असंच बसायचं असतं, सहज आल्यासारखं. मुंजाजीनं चिलीम भरली आणि दोघांनीही ओढली नाही. आतून मधूनच आवाज येत होता, दाबलेला. प्रत्येक आवाजाला आश्रुबा मनात म्हणे, ही कासाबाईची... ही तिच्या सुनेची... ही बांधावरच्या म्हाताऱ्याची. ऊन सरकत अंगणात आलं. मुंजाजीची बायको बाहेर आली, तिनं विरजणाचा तांब्या शिंक्यात ठेवला – उरलं होतं थोडं – आणि पुन्हा आत गेली. पण मोजता मोजता आश्रुबाच्या मनात एक दुसरीच गोष्ट शिरली आणि बसली. मघाशी ती काय सांगत होती?

वालूरपासून बाभळीपर्यंत, दोन कोस, तिचे ओठ हलत होते. छकड्यात ती कायम बोलायची. पाठीला पाठ लावून, ती मागं तोंड करून, तो पुढं. तिचं बोलणं त्याच्या पाठीतून आत यायचं. कुणाच्या घरी काय झालं, थोरलीला कसला डोहाळा लागलाय, बाजरीत किती कोंडा निघाला. तो "हूं" म्हणायचा. कधी कधी तेही म्हणायचा नाही. घरी तिला बोलायला वेळ नसे आणि त्याला ऐकायला. रान, मेंढरं, पाणी, चूल. बोलणं असं जे काही त्यांचं झालं होतं ते सगळं बाळंतिणींच्या वाटेवर झालं होतं, जाताना आणि येताना. नाळेची गोष्टसुद्धा. चुलीपाशी ती ते कधीच बोलली नसती. आणि मोटारीत... मोटारीत बाभूळ घटकाभरात येते, आणि ती घटकाही धडधडण्यात जाते. हात ऊन राहतील. हात राहिले तर ती जाईल, जाईल तर जेवेल. हे खरंच. पण वाट? वाट कुठं ठेवायची?

आणि छकडा ठेवला तर वाट राहील, हात राहणार नाहीत. आणि हात नसतील तर कुठली वाट, कोण निघणार आहे घरातनं? फिरून फिरून तो त्याच बाभळीपाशी येत होता. आतून एकदम काहीच ऐकू येईना. मुंजाजीनं चिलीम जमिनीवर ठेवली. आश्रुबाला ती मधली वेळ ओळखू आली – दोन श्वासांची. त्यानं आपले हात काखेत दाबून धरले, जणू त्याच्या हातांची ऊब भिंतीतून आत जाणार होती.

मग लेकरू रडलं. लगेच, रागानं, भरल्या छातीनं.

मनकर्णा बाहेर आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मुलगी होती. मुंजाजी हसत होता आणि पटक्याच्या टोकानं नाक पुसत होता. मनकर्णानं हात धुतले, आश्रुबापाशी आली आणि बोटं त्याच्यापुढं धरली, सुरकुतलेली, हळदीचा पिवळा डाग लागलेली. "सगळं दिसलं," ती म्हणाली. "खांदा, कान, नाळ. सगळं दिसलं बोटांना." आणि हसली, ह्या हसण्याचा अर्थ मात्र त्याला कळला.

"लय कळा द्याव्या लागल्या का पोरीला?" त्यानं विचारलं.

"पयल्या खेपेला लागतात तेवढ्या."

निघताना तिनं मुंजाजीच्या घरचा तोच तांब्या मागून घेतला आणि बाळंतिणीच्या चुलीवरचं ऊन पाणी त्यात भरून घेतलं. मोटारीसाठी. ती म्हणाली, बाळंतीणच समजा तिला बी.

ओढ्याच्या अलीकडं मोटार होती तशीच उभी होती, घोंगडं पांघरून, आणि तिच्या चाकावर एक होला बसला होता. आश्रुबा तिच्याकडं बघायला तयार नव्हता. मेली ती. आता घ्यायची का नाही हा सवालच राहिला नाही. मेलेलं जनावर ज्याच्या दारात मेलं त्याचंच. तो हँडलकडं गेला. मनकर्णा मागं गेली. ती नळीपाशी उकिडवी बसली, पदर खोचला, आत बोट घातलं, आणि काही क्षण तशीच, डोळे मिटून, बोटानं बघत राहिली.

"अवो," ती म्हणाली. "तुमी तर तिचं नाक दाबून ठिवलंय. नाक दाबल्यावर लेकरू रडंल का?"

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तो बाभळीला टेकून खाली बसला. तीही हसत होती, आवाज न करता, सगळं अंग हलवत. हसता हसताच तिनं दोन बोटांनी एक बोळा ओढून काढला, जळका, कुसकरलेला. मग दुसरा. तिसरा आत होता, खोल. ती पुन्हा वाकली.

"ऱ्हाऊ दे," आश्रुबा म्हणाला.

"का? पाणी निवतंय की."

"निवू दे. मघा काय सांगत होतीस?"

पस्तीस वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. मग ती मोटारीच्या पायरीवर बसली, ऊन तांब्या दोन्ही हातांत धरून, आणि म्हणाली, "काय असणार. तेच. हितं, ह्या बाभळीपाशी आपलं चाक मोडलं होतं त्या सालचं." चाक मोडल्याची गोष्ट. ती तिनं ह्या वाटेवर प्रत्येक खेपेला सांगितली होती, ह्याच जागी, ह्याच शब्दांत. त्याला ती पाठ होती, इतकी पाठ की वर्षानुवर्षं त्यानं ती ऐकलीच नव्हती.

उद्या बाजार होता. मिस्त्री विचारणार होता, क्या बोलते, आश्रुबाजी? आणि काय बोलायचं ते आत्ताही त्याला ठाऊक नव्हतं. पण सकाळी ते न ठाऊक असणं खिशातल्या काट्यासारखं होतं आणि आता नव्हतं. जळका बोळा त्याच्या तळहातावर होता. दिवसभर त्यानं सगळ्या गावाचे, रानाचे, वाडीचे कान मोजले होते; आपले दोन त्यात धरायचे राहून गेले होते. तांब्यातली वाफ विरळ होत चालली. होला उडून बाभळीवर गेला. मनकर्णा सांगत होती – गुळी तेव्हा कोकरू होती, माझ्या मांडीवर, आणि तुमी चाक बघायला खाली वाकलाव –

"मग?" आश्रुबा म्हणाला.